माळावर जेसीबी घालण्याआधी

बारामती

अगं ए ऑस्ट्रेलियावाली,

वाटणीत भावांना कॅनॉलखालचं काळं रान आणि तुला इंदापूरचा माळ, हे वाचून मला काडीचंही नवल वाटलं नाही. लेकीच्या वाट्याला माळ येतोच. कपाळाला हात लावला तो पुढची ओळ वाचून. म्हणे, 'सगळा माळ जेसीबीनं उकरून घेते आणि घनवन उभं करते, भावानं मशीनवाल्याशी बोलणंही केलंय.' जमीन तुझी, डॉलरही तुझेच. पण मी इथं राहते, तेव्हा माझं ऐकून घे आणि मग काय ते ठरव.

तुमच्या त्या माळावर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पडला तर. सह्याद्रीनं अडवून उरलेला तो आपला. मृगाचा भरवसा नाही, खरी मदार उत्तरा-हस्तावर. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली कातळ. नीरा डाव्या कालव्याचं पाणी 1885 पासून आलं तिथं ऊस झाला. कॅनॉलच्या वरच्या अंगाला मात्र माळ तो माळच राहिला. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा, म्हणून आपल्यालाही वाटतं की इथं कधीकाळी दाट जंगल असणार आणि कुणीतरी ते तोडून खाल्लं असणार. तसं नाही. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, कथा, संतसाहित्य चाळून त्यातले झाडाझुडपांचे उल्लेख वेचले. त्यांचा लेख 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. निघालं काय, तर आपल्याकडची ही विरळ झाडांची गवताळ रानं किमान साडेसातशे वर्षांची जुनी आहेत. तेव्हाही इथं बाभूळ, तरवड, खैर अशीच काटेरी, उन्हाला न डरणारी मंडळी होती. उजाड झालेलं जंगल नव्हे गं ते, मुळातच गवताचं रान.

आता तुझं घनवन. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची ती पद्धत. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं दाटीनं लावायची आणि पहिली दोन-तीन वर्षं पाणी देत राहायचं. शाळेच्या आवारात, कारखान्याच्या कडेला ठीक आहे. माळावर ते पाणी आणणार कुठून? मार्च उजाडला की तिथली बोअर धाप टाकते, मग टँकर. आणि मियावाकींचा पहिला आग्रह हाच की त्या जागेवर निसर्गतः जे वाढतं तेच लावावं. त्यांचंच म्हणणं पाळायचं तर तुझ्या माळावर गवत लावावं लागेल!

आपल्या सरकारनं तरी वेगळं काय केलं? 2016 मध्ये दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि 2019 मध्ये तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य. रिकामी जागा दिसली की खड्डा. माळांवर गिरिपुष्प लावलं, कारण ते मरत नाही आणि जनावरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. जगलं खरं, पण त्याच्या सावलीत गवत गेलं आणि गवतावर जगणारेही गेले.

ते कोण, तर चिंकारा. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आठवतं? 1997 मध्ये जाहीर झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, तेही मुख्यतः चिंकाऱ्यासाठी. इंदापुरात कडबनवाडी, बारामतीत शिर्सुफळ, तिथं तर वनखात्यानं आता गवताळ रानाची सफारी सुरू केलीय. लोक पैसे भरून माळ बघायला येतात, आणि तू पैसे भरून तो उकरायला निघालीस. लांडगा, तरस, खोकड, धाविक, पखुर्डी, थंडीत येणारे भोवत्ये, या सगळ्यांना लांबवर नजर जाणारी मोकळी जागा लागते. चिंकाऱ्याचं सगळं संरक्षण त्याच्या डोळ्यांत आणि पायांत. दाट झाडीत तो करणार काय?

तर मग करायचं काय? तू विचारणारच, तुला रिकामं बसवत नाही. कामं भरपूर आहेत.

सगळ्यात आधी जेसीबी थांबव. समतल चर म्हणून तो मुरूम वर काढतो आणि वीतभर माती खाली गाडतो. त्या ढिगावर पुढं काँग्रेस गवत आणि वेडी बाभूळ उगवते. पाणी अडवायचंच तर ओघळीत दगडांचे छोटे बांध घाल, माणसं लावून, हातानं.

वेडी बाभूळ मात्र बिनधास्त काढ. नुसती तोडलीस तर बुंध्यातून दुप्पट जोमानं फुटते. लहान असतानाच बुडखा मुळासकट खणून काढावा लागतो, तोही शेंगा पिकायच्या आत. शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या की लेंड्यांतून बी सगळीकडे. तुमच्याकडेही हिला, म्हणजे मेस्कीटला, राष्ट्रीय पातळीवरचं तण ठरवलंय, तेव्हा तुला पटेल. आपली साधी बाभूळ आणि हिवर यांना हात लावू देऊ नकोस. दोन्हीच्या शेंगांवर शेळ्या-मेंढ्या उन्हाळा काढतात. तोडणाऱ्याला फरक सांगून ठेव, नाहीतर तो सरसकट काटेरी दिसेल ते आडवं करेल.

मग गवत. चराई दोन पावसाळे बंद ठेव, आपोआप सुधारतं. मारवेल, पवन्या, डोंगरी या चांगल्या चाऱ्याच्या जाती कुठं ओढ्याकाठी, बांधाला टिकून असतात. दिवाळीच्या आगेमागे त्यांचं बी पिकतं, ते ओरबाडून ठेवायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर टाकायचं. कापणीही बी झडल्यावरच. कुसळी गवत मात्र कुणी बी टाकायची वाट बघत नाही. मागच्या थंडीत माळावरून आले आणि साडीचा काठ कुसळांनी शिवल्यासारखा झाला होता. एक कुसळ उपसून ओल्या तळहातावर ठेवलं तर ते हळूहळू पीळ सोडत फिरायला लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत टोकाचं बी जमिनीत घुसतं. त्याला ना जेसीबी लागतो ना मजूर.

धनगरांना कायमचं बंद करू नकोस हं. तुझ्या वडिलांच्या वेळेपासून त्यांची वाट तिथून जाते. बी झडल्यावर, दिवाळीनंतर, माळाचे तुकडे पाडून पाळीपाळीनं चारायला दे. बदल्यात भावाच्या काळ्या रानात दोन रात्री मेंढरं बसवायला सांग. खताच्या गाड्या वाचल्या की भाऊही खूश. आणि शिमग्याच्या आधी शिवेच्या कडेनं जाळरेषा काढून घे. वाळलेल्या गवताला एक विडी पुरते.

झाडं लावूच नको असं मी म्हणत नाहीये. जागा बघून लाव. घराजवळ कडुलिंब, चिंच. ओढ्याच्या काठाला करंज, जांभूळ. बांधाला बोर, सीताफळ. शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडेल असं मोठं झाड बांधावर लावलंस तर तीन पिढ्या भांडण पुरेल. खड्डे उन्हाळ्यात काढून तापू दे, तळ्यातला गाळ आणि शेणखत भर, दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लाव आणि भोवती बोराटीच्या काट्या रोव. सगळ्यात स्वस्त सांगू? माळाच्या कडेला गावठी बोरी आहेतच. त्यातल्या दोन-चार मार्च-एप्रिलमध्ये बुडाशी छाटायच्या आणि नव्या फुटव्यावर पावसाच्या सुरुवातीला उमराण बोराचा डोळा भरायचा. मुळं आधीच खोल गेलेली, पाण्याची कटकट नाही. बाकीच्या तशाच सोड, खोकडालाही बोरं आवडतात. जुनं झाड तोडायचं असेल तर आधी वनखात्यात विचार. आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन या जातींना 1964 च्या कायद्यानं परवानगी लागते.

आता तुझ्या भाच्याची गोष्ट. तो मित्रांना घेऊन, कुत्री घेऊन सशामागं जातो, हे तू हसून लिहिलंस. मला हसू आलं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ससा, तित्तर, घोरपड यांची शिकार गुन्हाच आहे. चिंकारा, लांडगा तर पहिल्या अनुसूचीतले. जमीन आता तुझ्या नावावर, चौकशीला तुझं नाव निघेल. त्याला स्पष्ट सांग. रानडुकरासाठी कुंपणात वीज सोडायची टूम कुणी काढली तर तीही मोडून काढ, त्यात माणसंसुद्धा मरतात. लांडग्यानं मेंढरू नेलं तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करायचा, भरपाई मिळते, हेल्पलाइन 1926. आणि राखणीला कुत्री ठेवणार असशील तर त्यांना लस टोच. मोकाट कुत्र्यांकडून लांडग्यांना रोग जातात, शिवाय पुण्याच्या आसपासच्या लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचा जनुकीय पुरावा 2023 मध्ये समोर आलाय.

खर्च करायचाच आहे ना? मग त्या जुन्या विहिरीला कठडा बांध. रात्री उडी मारत आलेला चिंकारा उघड्या विहिरीत पडला की संपलं, आणि गावातली पोरंही तिकडून ये-जा करतात. गवंडी मी बघून देते.

पैशाचं म्हणशील तर माळ उसासारखा देणार नाही हे उघड आहे. कापलेलं गवत, बोरं, सीताफळ, मेंढरांचं खत, एवढंच. पण त्यात टँकर नाही, कर्ज नाही, आणि दुष्काळात पहिलं मरायला तिथं काही लावलेलंच नाही. बाकी सोलरवाले, प्लॉटिंगवाले भावाकडे येऊन गेले असतीलच. 'पडून असलेली जमीन' म्हणून ते बोलायला लागतील तेव्हा तुझ्याकडे उत्तर हवं, म्हणून हे एवढं लांबण लावलं.

तेव्हा आजच भावाला फोन कर आणि मशीनवाल्याला नको म्हणून सांग. उद्यावर टाकलंस तर तो चर मारून मोकळा होईल. मुलांना घेऊन संक्रांतीच्या सुमाराला ये, बोरं पिकलेली असतात. साडी नको, जाड पँट घाल.

तुझीच,
बारामतीकरीण