दंगलींचा हिशेब ठेवणारे इंजिनीअर

मध्यंतरी वलेरी तिश्कोव या रशियन अभ्यासकाबद्दल बरंच वाचणं झालं. माणूस मूळचा कॅनडाच्या इतिहासाचा अभ्यासक. १९८९ मध्ये मॉस्कोच्या मानववंशशास्त्र संस्थेचा प्रमुख झाला आणि दोनच वर्षांत त्याचा देश फुटला! मग त्याने एकच प्रश्न धरून ठेवला. कालपरवापर्यंत एका गल्लीत राहणारी माणसं जमातीच्या नावाने एकमेकांच्या जिवावर का उठतात? १९९२ मध्ये काही महिने तो याच खात्याचा मंत्रीही होता. १९९० मध्ये किर्गिझस्तानातल्या ओश भागात जमिनीच्या वादातून किर्गिझ आणि उझबेक यांच्यात कत्तल झाली होती. तिथल्या खटल्यांची कागदपत्रं वाचून त्याने एक लेख लिहिला. लेखाचं नाव, 'मला मारू नका, मी किर्गिझ आहे!'

ते नाव वाचलं आणि पुढे बराच वेळ काही वाचवलं नाही.

आता बोदवडच्या माणसाने ओशचं वाचून काय करायचं, असं आमच्या घरची मंडळी विचारतीलच. पण वाचताना सारखं मनात येत होतं की आपल्याकडे हे काम कोणी केलं? म्हणजे दंगल संपल्यावर, पोलिसांच्या गाड्या निघून गेल्यावर, त्या गावात जाऊन 'नेमकं काय झालं, कशामुळे झालं, कोणाचं काय गेलं' हे विचारत फिरायचं काम. आणि असं एक-दोन वेळा नाही, चाळीस वर्षं.

महाराष्ट्रात याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. असगर अली इंजिनीअर.

इंजिनीअर हे नुसतं आडनाव नव्हे, ते खरोखरच इंजिनीअर होते. स्थापत्य अभियंता. जन्म १० मार्च १९३९, राजस्थानात उदयपूरजवळच्या सलुंबरचा. वडील बोहरा समाजाचे धर्मगुरू. त्यांनी मुलाला लहानपणीच अरबी, कुराण, हदीस हे सगळं शिकवलं. मुलगा पुढे उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकला आणि मुंबई महानगरपालिकेत नोकरीला लागला. वीसेक वर्षं नोकरी केली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्वेच्छेने ती सोडली.

खानदेशातल्या लोकांना बोहरी म्हटलं की दुकान आठवतं. खिळे, कड्या-कोयंडे, रंगाचे डबे, काच. जळगाव-भुसावळला 'बोहऱ्याच्या दुकानातून आण' हे वाक्य प्रत्येक घरात कधी ना कधी बोललं गेलंय. शांत, मोजून बोलणारे, भांडणतंट्यात न पडणारे लोक अशी त्यांची ओळख. अशा समाजातला एक माणूस आयुष्यभर भांडणं तपासत फिरला, याची गंमत वाटते.

१९६१ मध्ये जबलपूरला मोठी दंगल झाली. फाळणीनंतरच्या वर्षांत सगळं निवलंय असं वाटत असताना झालेली ही दंगल. नेहरूसुद्धा हादरले होते. विद्यार्थीदशेतल्या असगर अलींनाही तिने हलवून सोडलं. त्या दंगलीचं कारण सगळे एकच सांगत होते, हिंदू मुलगी आणि मुसलमान मुलगा. पुढे असगर अलींनी तिच्याबद्दल लिहिलं तेव्हा दाखवलं की त्यामागे विडीच्या धंद्यातली हिंदू-मुसलमान कारखानदारांची चुरसही होती. मुलगा-मुलगी ही ठिणगी झाली. पण ठिणगी पडायला खाली काहीतरी वाळलेलं लागतंच ना?

हीच त्यांची पद्धत झाली. मुरादाबादला १९८० मध्ये दंगल झाली तर ते पितळी भांड्यांच्या धंद्याकडे बघणार. बिहारशरीफला १९८१ मध्ये झाली तर कब्रस्तानाच्या जमिनीकडे. भिवंडीला झाली तर यंत्रमागांकडे. निवडणूक कधी आहे, अफवा कुठून सुटली, पोलीस किती वाजता आले आणि आल्यावर कोणाच्या बाजूला उभे राहिले? हे सगळं ते इमारत कोसळल्यावर कारणं शोधणाऱ्या इंजिनीअरसारखं विचारत. इमारत कोसळली तर आपण 'नशीब' म्हणून सोडून देत नाही. सिमेंट कुठलं, पाया किती खोल, परवानगी कोणी दिली, हे विचारतो. दंगलीला मात्र आपण 'माथी भडकली' म्हणून मोकळे होतो.

१९८४ च्या मे महिन्यात भिवंडी आणि मुंबई पेटली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी त्यांचं या दंगलीवरचं विश्लेषण आणि कागदपत्रांचं पुस्तक आलं. स्वातंत्र्यानंतरच्या दंगलींवरचं मोठं संपादित पुस्तकही त्याच वर्षीचं. पुढे तर ते दर वर्षाच्या शेवटी त्या वर्षातल्या दंगलींचा आढावा लिहायचे. दुकानदार दिवाळीला वहीपूजन करतो, तसा हा माणूस वर्षाअखेरीला देशाची ही वही उघडून बसायचा. कुठलं गाव, कोणता महिना, किती मेले, सुरुवात कशावरून झाली. १९८० मध्ये त्यांनी इस्लामिक अभ्यासाची संस्था काढली होती. १९९३ मध्ये, मुंबईची दंगल ताजी असताना, समाज आणि धर्मनिरपेक्षता यांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. २००४ मध्ये स्वामी अग्निवेशांबरोबर त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला, ज्याला लोक पर्यायी नोबेल म्हणतात. १४ मे २०१३ रोजी मुंबईत ते गेले.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो, कारण हे सगळं लिहायचं खरं कारण तेच आहे.

७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ८ मेला, जळगाव पेटलं. भिवंडीपासून जळगाव साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मोबाईल नाही, टीव्ही नाही. तरी एका दिवसात आग इथवर आली. जळगावात चाळीसहून जास्त माणसं मेली, जवळजवळ सगळी मुसलमान. महाडलाही गडबड झाली. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दि. पि. मादन यांचा चौकशी आयोग नेमला. त्यांनी भिवंडी, जळगाव, महाड या तिन्ही ठिकाणच्या साक्षी घेऊन कित्येक खंडांचा अहवाल दिला. पोलिसांच्या पक्षपातावर त्यात स्पष्ट ताशेरे आहेत. हेच मादन पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

आणि आम्ही बोदवडची पोरं, भुसावळ ओलांडलं की जळगाव, आयुष्यभर त्या स्टेशनवर चढलो-उतरलो, शिकलो, दवाखाने केले, लग्नाचे बस्ते बांधले. यातलं आम्हाला कोणी काही सांगितलं? शाळेत नाही, कॉलेजात नाही, घरी तर नाहीच. आमचे मोठे काका तेव्हा जळगावला शिकायला होते. एकदा विषय निघाला तर म्हणाले, "लई वाईट दिवस होते ते. जाऊ दे रे भो, कायले उकरतं?" आणि सुपारी कातरायला लागले.

काकांचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटत नाही. त्या दंगलीनंतरही बाजार भरलाच. कापसाच्या गाड्या आल्या, रिक्षा चालल्या, गादी भरायला पिंजारी आला, लग्नात बँड वाजला. माणसं पुन्हा एकमेकांशी बोलायला लागली ती काही न बोलता. जे झालं ते रोज उगाळलं असतं तर कदाचित शेजार टिकला नसता. गप्प बसणं हाही शेजारधर्म असतो कधीकधी.

पण त्या गप्प बसण्याची एक किंमत असते, आणि ती पुढची पिढी भरते. मोठ्यांनी खरं सांगितलं नाही की पोरं ते कुठून तरी दुसरीकडून ऐकतात. पूर्वी पानटपरीवर ऐकायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे मेलेल्यांचे आकडे बदलतात, कोणी मारलं तेही बदलतं. दोन्ही बाजूंची पोरं आपापली गोष्ट घेऊन मोठी होतात आणि दोन्ही गोष्टींत 'ते' आधीपासूनच वाईट असतात. इंजिनीअरांच्या त्या वर्षाअखेरीच्या वहीचं मोल मला इथे कळलं. आकडा एकदा लिहून ठेवला की तो कोणाला वाटेल तसा फुगवता येत नाही, लपवताही येत नाही.

धुळ्याचं तर ताजं आहे. २००८ मध्ये दंगल झाली आणि ६ जानेवारी २०१३ ला परत. दुसऱ्या वेळी सुरुवात कशावरून? एका साध्या खाणावळीतल्या बिलाच्या पैशांवरून! संध्याकाळपर्यंत पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. बिलाचं भांडण रोज शंभर ठिकाणी होतं. तेच भांडण त्या दिवशी, त्या चौकात दंगल का झालं, हा इंजिनीअरांचा प्रश्न. 'ते लोकच तसे' या उत्तराने तो सुटत नाही, कारण तेच लोक बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस एकमेकांच्या दुकानात उधारीवर माल घेत असतात.

इंजिनीअरांचं सगळंच पटतं असं मात्र नाही. प्रत्येक दंगलीखाली धंद्याची चुरस शोधायची त्यांची सवय कधीकधी जास्त सोपी वाटते. चुरस तर सगळीकडे आहे. मग एक गाव पेटतं आणि दुसरं का पेटत नाही? आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात हाच प्रश्न घेऊन शहरांच्या जोड्या लावल्या, अलिगढला दंगल होते तर कालिकतला का नाही, हैदराबादला होते तर लखनौला का नाही. त्यांचं उत्तर असं की जिथे दोन्ही समाजांचे लोक एकाच संघटनेत, एकाच धंद्यात, एकाच युनियनमध्ये रोज भेटतात, तिथे अफवा पसरायच्या आत कोणीतरी फोन करून विचारतं. लखनौच्या चिकनकारीत व्यापारी हिंदू आणि कारागीर मुसलमान. दंगल झाली तर दोघंही बुडतात.

आपल्याकडचं उदाहरण तर भिवंडीचंच आहे. १९७० आणि १९८४ मध्ये पेटलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये शांत राहिली. शेजारी मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे ९०० माणसं मेली, तेव्हा! १९८८ पासून सुरेश खोपडे नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने तिथे मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि हवालदार दर काही दिवसांनी एकत्र बसायची. गटारापासून भांडणापर्यंत सगळं बोलायची. दंगल टाळायला एवढंच लागतं असं नाही, पण एवढं तरी लागतं.

इंजिनीअरांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी वाटतो. त्यांनी हिशेब मागायची सुरुवात आपल्या घरातून केली. १९७२ मध्ये उदयपूरच्या बोहऱ्यांनी धर्मगुरूंच्या सत्तेविरुद्ध सुधारणेची चळवळ सुरू केली, तिच्यात ते उतरले. त्याची शिक्षा म्हणजे सामाजिक बहिष्कार. लग्नकार्य बंद, नातेवाइकांनी बोलायचं बंद, मयतीला यायचं बंद. गावकी-भावकी काय असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्यांच्यावर हल्लेही झाले. २००० मध्ये त्यांचं सांताक्रूझचं घर आणि कार्यालय फोडलं गेलं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला तो २०१६ मध्ये, त्यांच्यानंतर तीन वर्षांनी.

दुसऱ्या समाजाच्या चुका मोजणारे गल्लोगल्ली मिळतात. आपल्या समाजाला जाब विचारून त्याची किंमत मोजलेला माणूस जेव्हा दंगलीनंतर एखाद्या गावात जातो, तेव्हा लोक त्याच्याशी खरं बोलत असावेत. तिश्कोवच्या पाठीशी एक आख्खी सरकारी संस्था होती, मंत्रिपद होतं. इंजिनीअरांच्या पाठीशी त्यांची जातसुद्धा नव्हती.

आता इतकं वाचून झाल्यावर काय करायचं? १९७० मध्ये वीस वर्षांची असलेली माणसं आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. आणखी दहा वर्षांनी त्या मे महिन्याबद्दल डोळ्यांनी बघितलेलं सांगणारं कोणी उरणार नाही. मादन आयोगाने साक्षी घेतल्या त्या कोर्टासारख्या. पण कोणी कोणाला घरात लपवलं, कोणी कोणासाठी दार लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी दूध कोणी आणून दिलं, हे अहवालात येत नसतं. ते घरात विचारावं लागतं, आणि दोन्हीकडच्या घरात.

तेव्हा वाचणाऱ्या खानदेशी मंडळींना एकच विनंती. दिवाळीत घरी जाल तेव्हा म्हाताऱ्यांशेजारी जरा बसा. मी काकांना परत विचारणार आहे. ते परत सुपारी कातरायला घेतील. या वेळी सुपारी संपेपर्यंत थांबेन म्हणतो.