पहिल्या पाइपाच्या आधी

प्लांट डिझाइनच्या ऑफिसात नवा प्रोजेक्ट उभा करण्याचे काम ‘ॲडमिन’च्या गळ्यात पडते, आणि ॲडमिन म्हणजे सर्व्हर, लायसन्स नि पासवर्ड सांभाळणारा माणूस, अशी सर्वांची समजूत असते. फोल्डर तयार करा, युजर घाला, मागच्यासारखेच डेटाबेस उघडा, उद्यापासून मॉडेलिंग सुरू. उज्जैनला बसून हेच काम करता करता माझे मत नेमके उलटे बनले आहे. प्रोजेक्टची उभारणी हे कारखान्याच्या रचनेतले पहिले अभियांत्रिकी काम आहे. तिथे जे ठरते ते पाइपिंग, स्ट्रक्चर, इक्विपमेंट सगळ्यांना शेवटपर्यंत बांधून ठेवते, आणि त्यातले बरेचसे नंतर बदलता येत नाही. म्हणून ते पाइपिंग लीडने ठरवावे, त्याखाली सही करावी आणि ॲडमिनने ते अमलात आणावे.

सुरुवात शून्यापासूनच करू. शून्य कुठे मानायचे हा प्रश्न या गावाला नवा नाही. सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत मध्यरेखा उज्जैनवरून जाते आणि देशांतर इथूनच मोजले जाई. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात इथे बांधलेली वेधशाळा माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये दुरुस्त करवली. तिथल्या सम्राट यंत्राची सावली उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते. गाव ७५ अंश ४६ कलांवर आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, म्हणजे सरासरी सुमारे २७ मिनिटांची तफावत, शिवाय ऋतुमानाप्रमाणे होणारी घटबढ वेगळी. त्यासाठी दुरुस्तीचा तक्ता यंत्रापाशीच लावलेला आहे. प्लांटच्या मॉडेललाही हेच हवे: आपले सोयीचे शून्य, आणि त्याच्या शेजारी रूपांतराचा तक्ता. सर्व्हेकडून येणारे आकडे बहुधा यूटीएम या नकाशाच्या ग्रिडचे असतात, आणि उज्जैनचे नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचा आकडा, २,५६० किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे मिलिमीटरमध्ये २५६ कोटींपेक्षा जास्त. ३२ बिटी फ्लोटिंग-पॉइंट संख्यांत एवढ्या मोठ्या लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये २५६ मिलिमीटरचे अंतर पडते. आठ इंची पाइपाचा बाहेरचा व्यासच २१९.१ आहे! सॉफ्टवेअर आतमध्ये दुप्पट अचूकतेने आकडे साठवत असेल, पण पडद्यावर चित्र काढणारी आणि बाहेर फाइल देणारी साखळी अनेकदा ३२ बिटांवरच चालते. मग फ्लँज थरथरतात, क्लॅश चेक भलतेच काही सांगतो. उत्तरेचेही तसेच. वेधशाळेला खरी उत्तर हवी होती. कारखान्याला रस्त्याशी आणि पाइपरॅकशी समांतर अशी स्वतःची ‘प्लांट नॉर्थ’ पुरते, फक्त दोघींमधला कोन लिहून ठेवावा लागतो. जमिनीची पातळी समुद्रसपाटीपासून न मोजता सरळ १०० मीटर धरली, की जमिनीखालच्या लाइनींना उणे आकडे येत नाहीत. जुन्या कारखान्यात भर घालायची असेल तर हा तक्ता जीव की प्राण. आमच्याच जिल्ह्यात नागद्याला ग्रासिमने कृत्रिम धाग्याचे उत्पादन १९५४ मध्ये सुरू केले. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्या पिढीच्या कारखान्यांचे मूळ नकाशे फूट-इंचांत असणार, ग्रिडही त्यांचा स्वतःचा. अशा वेळी शून्य कोणते धरायचे, हे सर्व्हरच्या खोलीत कसे ठरणार?

डेटाबेसची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि माझा मुख्य मुद्दा तिथेच आहे. पीडीएमएस या प्लांट मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याचा वारसा चालवणाऱ्या ई-थ्री-डीमध्येही, प्रत्येक डेटाबेस एका टीमच्या मालकीचा असतो; त्याच्या नावातच आधी टीम येते, मग डेटाबेस. लिहिण्याचा हक्क त्या टीममधल्या युजरना, बाकीच्यांनी फक्त पाहायचे. म्हणजे डेटाबेसची हद्द आखणे म्हणजे कोणत्या वस्तूला कोण जबाबदार, ते आखणे. पंपाचे नोझल इक्विपमेंटच्या डेटाबेसात आहे, लाइन पाइपिंगच्या. पाइपिंगवाला लाइन नोझलला जोडतो तेव्हा दोन्ही टोकांना नोंद व्हायला हवी, पण नोझलवर लिहिण्याचा हक्क त्याला नाही. मग प्रणाली एक मॅक्रो तयार करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि समोरच्या टीमने तो चालवेपर्यंत जोडणी एकतर्फी राहते. हद्दी विचार न करता आखल्या की असे मॅक्रो साचत जातात आणि डेटा तपासताना त्रुटींची लांबलचक यादी निघते. तसेच दोन एरियांमधून जाणाऱ्या लाइनचे. ती जिथून निघते त्या एरियाची, की जिथे पोचते तिथली? की रॅकसाठी वेगळाच डेटाबेस? कोणतेही उत्तर चालेल, पण ते लाइन नंबर देण्याआधी हवे.

यावर कोणी म्हणेल, मग सगळे एकाच डेटाबेसात टाका, मल्टीराइट ठेवा, म्हणजे एकाच वेळी अनेकांना लिहू द्या, भांडणच नको. छोट्या कामात मीही तसे करतो. पण काम दोन ऑफिसांत वाटले, किंवा एखादे युनिट क्लायंटला आधी सोपवायचे ठरले, की ते वेगळे काढणे जिकिरीचे होते. मॉडेलमधल्या प्रत्येक वस्तूचा संदर्भ क्रमांक तिच्या डेटाबेसच्या क्रमांकाशी बांधलेला असतो, आणि एकाच क्रमांकाचे दोन डेटाबेस एका एमडीबीत, म्हणजे एकत्र उघडायच्या डेटाबेसच्या संचात, बसत नाहीत. दुसऱ्या प्रोजेक्टचा कॅटलॉग जोडायला जावे तर क्रमांक आपटतो. नाव केव्हाही बदलता येईल, क्रमांकाचे तसे नाही. म्हणून क्रमांकांचे पट्टे आधीच वाटून टाकावेत: कॅटलॉगला हे, डिझाइनला हे, बाहेरच्या कंत्राटदारांना हे.

सर्वांत जोरदार आक्षेप असतो तो जुन्या प्रोजेक्टची नक्कल करू म्हणणाऱ्यांचा. चाललेली गोष्ट पुन्हा का बांधायची? ॲडमिनच्या बाजूने हे खरे आहे: फोल्डरांची रचना, युजर, ड्रॉइंगचे साचे खुशाल उचलावेत. स्पेक, म्हणजे कोणत्या मानकाचे पाइप नि फिटिंग वापरायचे ते, मात्र उचलू नये. २०२८ च्या सिंहस्थाआधी क्षिप्रेत सांडपाणी जाऊ नये म्हणून चाललेल्या कामांसारख्या कामाला रिफायनरीचा कॅटलॉग लावला, तर त्यात ‘एएसएमई’ पाइप आहे: ६ इंची, बाहेरचा व्यास १६८.३. बाजारात मिळणारा आयएस १२३९ चा १५० एनबी पाइप आहे १६५.१ चा. अडीच इंचीत ७३.० आणि ७६.१. पडद्यावर फरक दिसत नाही. क्लॅम्प आणि कपलिंग मागवताना दिसतो. एचडीपीईचे माप तर बाहेरच्या व्यासानेच सांगतात, ती रीत ‘एएसएमई’च्या स्पेकमध्ये कशी येणार? कोणता पाइप खरेदी होणार हे ॲडमिनला माहीत नसते, माहीत असण्याची अपेक्षाही नाही.

‘नंतर दुरुस्त करू’ हेही नेहमी ऐकू येते, आणि ते अर्धे खरे आहे. ऑटोकॅड प्लांट थ्रीडीचेच पाहा. नवा प्रोजेक्ट करताना तो डेटाबेस एसक्यूलाइट की एसक्यूएल सर्व्हर असे विचारतो. इथे चुकले तरी पुढे एकातून दुसऱ्यात नेता येते. त्याच विझार्डमध्ये तो एककेही विचारतो: इंपीरियल, मेट्रिक की मिश्र. आपल्याकडे पाइपाचा आकार इंचांत आणि लांबी मिलिमीटरमध्ये बोलतात, म्हणजे बहुधा मिश्रच हवे असते. ही निवड एकदा केली की प्रोजेक्ट जन्मभर त्याच मापात राहतो. दोन्ही प्रश्न एका विझार्डमध्ये, सारख्याच अक्षरांत, सारख्याच बटणांनी विचारले जातात. कोणता परतीचा आणि कोणता बिनपरतीचा, ते पडदा सांगत नाही. तेवढ्या दोन मिनिटांसाठी इंजिनिअरने ॲडमिनच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे, इतकीच माझी मागणी आहे.

छोट्या प्लांटला एवढे सोपस्कार परवडत नाहीत, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना पानभर कागद पुरतो. शून्याचा बिंदू आणि त्याचे सर्व्हेतले आकडे, उत्तरेचा कोन, जमिनीची पातळी, एकके, डेटाबेस आणि त्यांचे क्रमांक, लाइन कोणाची याचा नियम, स्पेक कोणत्या मानकाचे. अडचण खरे तर हिशोबाची आहे. मनुष्य-तासांच्या अंदाजपत्रकात प्रोजेक्ट सेटअपची ओळ आयटीच्या खात्यात टाकलेली असते, म्हणून पाइपिंग लीडने तिथे घालवलेला वेळ कुठेच लिहिता येत नाही, आणि जो वेळ लिहिता येत नाही तो कोणी देत नाही. ती ओळ पाइपिंगच्या खात्यात हलवली तर निम्मे काम आपोआप होईल.