बारा व्होल्टची सोय

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या दापोली तालुक्यात विजेचे खांब रांगेनं आडवे झाले. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होते त्यांचे दिवे त्या रात्री लागले. पुढे कित्येक दिवस लाईटचा पत्ता नव्हता. आली तेव्हा वाडीतल्या बऱ्याच बॅटऱ्या कामातून गेलेल्या निघाल्या. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर धरतो, आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पहिल्यासारखी भरत नाही. पन्नास-साठ किलोचं धूड, वीस-पंचवीस हजारांचा खर्च, आणि खरी गरज पडली तेव्हा एका रात्रीची साथ. ते पाहिलं आणि मी मनाशी पक्कं केलं, आधी घरात काय चालू राहायला हवं ते मोजायचं. बॅटरीचं नंतर बघू.

मी पुण्यातल्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं घरून करते. शेवटच्या तारखेला लाईट गेली म्हणून कुणी थांबत नाही. त्यात सासूबाईंना दमा. म्हणजे मला हवं होतं ते एवढंच: नेट, लॅपटॉप, दोन दिवे, मोबाईल आणि त्यांचा नेब्युलायझर. फ्रिज मी यादीतून पहिल्याच फटक्यात काढला. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना इतका झटका मारतो की त्याच्यासाठी सगळाच संच मोठा घ्यावा लागतो.

राउटरच्या ॲडॅप्टरवर लिहिलेलं असतं: १२ व्होल्ट, १ अँपिअर. गुणाकार केला तर १२ वॅट, पण तो झाला वरचा आकडा. सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर आणून पाहिलं तर प्रत्यक्षात आठच्या आसपास. लॅपटॉप तीसच्या घरात. नेब्युलायझर मात्र कॉम्प्रेसरवाला, एकटाच शंभराच्या वर जाणारा. डॉक्टरांना विचारलं, त्यांचं औषध चालतं याची खात्री केली आणि यूएसबीवर चालणारा मेश नेब्युलायझर घेतला. तो अगदी थोडक्या विजेवर चालतो. या एका बदलानं बॅटरीचा आकार जेवढा उतरला तेवढा दुसऱ्या कशानंच नाही.

दुकानात हे कुणी सांगत नाही याचा मला अजून राग येतो. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘पंखे किती, ट्यूब किती?’ आणि उत्तर ठरलेलं असतं, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी. इन्व्हर्टर बॅटरीतले १२ व्होल्ट चढवून २३० करतो; राउटरचा ॲडॅप्टर ते उतरवून पुन्हा १२ करतो. दोन्हीकडे वीज वाया जाते. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःसाठी दहा-वीस वॅट खातो, म्हणजे राउटरपेक्षा जास्त. मग बॅटरीतून सरळ १२ व्होल्टच का नेऊ नयेत?

आमच्या वायरमनदादांना ते पटेना. “वहिनी, बोर्डात पिन घातली की चालायला पाहिजे. उद्या तुम्ही घरात नसलात तर आजी काय करतील?” त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. म्हणून बदलाबदलीची भानगडच ठेवली नाही: राउटर आणि बारा व्होल्टचे दोन एलईडी दिवे कायम बॅटरीवर, आणि चार्जर कायम बोर्डाला. लाईट गेली-आली तरी कुणी काही करायचं नाही.

बॅटरी घेतली लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवर. म्हणजे अडीचशे वॅट-अवरच्या थोडी वर. राउटर आणि दोन दिवे मिळून अठरा वॅट धरले, तर सहा तासांचे झाले १०८. लॅपटॉप तीन तास, त्याचे ९०. वर मोबाईल आणि नेब्युलायझरला शिल्लक राहते. वजन इतकं कमी की सासूबाईसुद्धा उचलून ठेवतात. पाणी घालायला नको, वाफ नाही.

पण एक गोष्ट दादांनी आणि मी फार काळजीनं केली. ही बॅटरी चार्ज होताना १४.६ व्होल्टपर्यंत चढते आणि संपत येताना बाराच्या खाली उतरते. राउटरला ते थेट देणं धोक्याचं, म्हणून मध्ये कायम १२ व्होल्ट देणारं छोटं बक-बूस्ट सर्किट बसवलं. लॅपटॉपला गाडीत लावतात तसला चार्जर. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला अगदी खेटून फ्यूज. वायर कुठे घासली, दोन टोकं भिडली, तर लिथियमची बॅटरी क्षणात प्रचंड करंट सोडते. बॅटरीच्या आत संरक्षण असतं, तरी फ्यूजशिवाय ही जोडणी कुणीही करू नये.

ज्यांना एवढंही नको त्यांना मी राउटरचा मिनी यूपीएस सुचवते. हजार-दोन हजारांत मिळतो, दोन-तीन तास नेट टिकतं, आणि शाळेतल्या मुलांना बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा राउटर चालू होता, नेट मात्र तासाभरात बंद पडलं. फायबरला वाटेत वीज लागत नाही. ती लागते आपल्या घरात आणि केबलवाल्याच्या खोलीत. त्याच्या खोलीतली बॅटरी जुनी झाली होती. मी वाडीतल्या ग्राहकांना घेऊन त्याच्याकडे गेले, त्यानं ती बदलली. आता आमचं बोलणं चाललंय ते सोलर पॅनेलचं, कारण आठवडाभर लाईट नसेल तर बॅटरी भरायची कशी? पावसाळी आभाळात पन्नास वॅटचं पॅनेल फारच थोडी वीज देतं, म्हणून शंभर वॅटचं घ्यायचा विचार आहे. छपरावर ते वादळात टिकेल असं कसं बांधायचं ते दादा बघतायत.