पानात वाढलेले गाढव

आपली दिवाळी गाईपासून सुरू होते. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा झाली, की मग फराळाचे डबे उघडायचे. पोळ्याला बैलाचा मान, नागपंचमीला नागाचा. गाढवाला मात्र आपण कुठल्याच सणात घेतले नाही. त्याची सोय लावली ती म्हणींमध्ये. गुळाची चव त्याला कळत नाही, आणि हरी अडल्याखेरीज कोणी त्याचे पाय धरीत नाही! तेव्हा गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात मुलाकडे असताना सुनबाईने एका शनिवारी "आज बाहेर बरिटो खाऊ या" असा बेत काढला आणि शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या नातवाने "आजी, बरिटो म्हणजे छोटे गाढव" असा खुलासा केला, तेव्हा आमच्या सौ.चा चेहरा कसा झाला असेल, हे वाचकांनी मनाशी चितारावे.

ह्या नावाची एक गोष्ट सांगतात. मेक्सिकोत १९१० साली क्रांतीची धामधूम सुरू झाली, त्या काळात ह्वारेझ शहरात ह्वान मेंदेझ नावाचा कोणी खाणावळवाला गाढवावरून जेवण नेऊन विकी. पदार्थ गरम राहावा म्हणून तो पोळीत गुंडाळी. त्यावरून पोळीलाच गाढवाचे नाव पडले. गोष्ट गोड आहे; पण १८९५ साली छापलेल्या मेक्सिकन शब्दांच्या एका कोशात हा शब्द ह्याच अर्थाने आधीच येऊन बसला आहे. कोशकारांना गोष्टींची मजा घालवण्याची खोडच असते. मला वाटते, पोट फुगलेले, आत वाटेल तेवढे ओझे, आणि तक्रार नाही, एवढे साम्य नावाला पुरेसे आहे.

ते उपाहारगृह सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील एका उपनगरात, गाड्या लावायच्या भल्यामोठ्या पटांगणाच्या कडेला होते. एका बाजूला धुलाईची यंत्रे, दुसऱ्या बाजूला आपल्या डाळी-तांदळाचे दुकान. आत भिंतीवर ग्वादालूपेच्या मातेची तसबीर आणि तिच्यापुढे दिवा. तो दिवा पाहून सौ. थोडी निवळली. सुनबाईने गल्ल्यावरच्या बाईला आधी विचारून घेतले, की घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी नाही ना आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवला नाही ना. तिकडे शाकाहारी माणसाने हे दोन प्रश्न विचारायचेच असतात. मग त्या बाईने परातीएवढी गव्हाची पोळी तव्यावर शेकली, तिच्यावर भात, उसळ, टोमॅटो-मिरचीची कोशिंबीर, आवाकाडोची चटणी आणि किसलेले चीज घातले, लिंबू पिळले, आणि तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावे तशी दोन्ही बाजू आत दुमडून ती सगळी पंगत गुंडाळून टाकली!

आपल्या पानात मिठाची जागा ठरलेली, लिंबाची ठरलेली. डावीकडची चटणी उजवीकडे गेली तर वाढणारीला बोलणी बसतात. इथे डावे-उजवे सगळे एकाच अंधाऱ्या खोलीत! सौ.ने एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाली, "अहो, ही तर उसळ-पोळी. लहानपणी तुम्ही तूप-साखरेची सुरळी खात होतात की नाही? तिला नोकरी लागली, की असे होते."

नातू लगेच म्हणाला, "मग आजी, हे आपले, की त्यांचे?"

प्रश्न साधा होता, पण सौ.चा हात थांबला. आमच्यामागे ह्या घरात पोळी लाटली जाईल की नाही, ही चिंता ती पेटीत लोणच्याच्या बरणीशेजारी घालून घेऊन आली होती, हे मला ठाऊक होते.

मग आम्ही ती सुरळी उलगडून वाटणीच करायला बसलो. गहू त्यांचा नव्हे. तो स्पॅनिश लोकांनी नेला आणि सोनोराच्या कोरड्या उत्तरेत रुजला. त्यांची मूळची भाकरी मक्याची. दाणे चुन्याच्या निवळीत शिजवून, वाटून केलेली. तांदूळ, कांदा, कोथिंबीर, लिंबू, दूधदुभते, हे सगळे समुद्रापलीकडून तिकडे गेलेले. आता उलटी बाजू. मिरची त्यांची, टोमॅटो त्यांचा, राजमा त्यांचा. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवे घेतले, आणि पुढे त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्याकडे उतरली. त्याआधी आपले तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आले. एवढेच कशाला, आपल्या एकादशीच्या ताटातला बटाटा, रताळे, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळे अमेरिका खंडातले. डहाणू-घोलवडचा चिकूही मूळचा तिकडचाच, नावासकट. उपासाच्या ताटात आपले म्हणून उरते ते जिरे आणि तूप! "म्हणजे एकादशी त्यांची," नातू म्हणाला. "एकादशी आमचीच," सौ. ठासून म्हणाली, "साबुदाणा भिजवायचा किती, ते त्यांना कुठे माहीत आहे?" मला वाटते, आपले आणि परके ह्या वादावर ह्याहून चांगला निवाडा मी ऐकलेला नाही.

ह्या देवघेवीत आपल्या वर्ध्याचाही एक माणूस आहे. गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले आणि मका-गव्हाच्या वाणांवर संशोधन करीत राहिले. थोर चित्रकार दिएगो रिवेरा ह्याने १९२८ साली मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर 'आमची भाकरी' हे चित्र काढले. त्यात मेजाशी बसून भाकरी मोडणारा जो माणूस आहे, तो खानखोजेच असे मानतात. परक्यांच्या शेतात धान्य सुधारणाऱ्या ह्या माणसाला मायदेशी उघडपणे यायला मिळाले ते इंग्रज गेल्यावरच. १९६७ साली ते नागपुरात वारले.

खानखोज्यांचे आठवायला कारण ती गल्ल्यावरची बाईच. सुनेची तिची जुनी ओळख. निघताना कळले, की तिने एकोणीस वर्षांत आपल्या आईला पाहिलेले नाही. गेली, तर परत येता येणार नाही, अशी तिच्या कागदांची स्थिती. दर महिन्याला पैसे जातात, आवाज जातो, ती जात नाही. मिरची, मका, गहू सगळे समुद्र ओलांडून गेले. ही मात्र एका कुंपणापाशी अडलेली. आम्ही दोघे तर सहा महिन्यांचा शिक्का घेऊन विमानातून ऐटीत उतरलो होतो. सौ. काही बोलली नाही. भाषाच नव्हती. तिने त्या बाईचा हात हातात घेऊन थोपटला, एवढेच.

दिवाळीत मुलाकडे फराळाचे पार्सल गेले, त्यात ह्या वेळी चकल्यांचा एक डबा जास्तीचा होता. डब्यावर नाव नव्हते. कोणाला द्यायचा, ते सुनबाईला सांगावे लागले नाही. पुढे तिचा फोन आला. बाईने एक चकली तिथेच मोडून खाल्ली, तिखटाला मान डोलावली, आणि उरलेला डबा बांधून ठेवला. गावाकडे जाणारे कोणी भेटले, की आईला पाठवणार आहे म्हणे.