और बिगड़ी कितनी?

१९९४च्या उन्हाळ्यात जे. जे.मधलं सिरॅमिक्सचं शिक्षण संपवून मी खुर्जाला गेले. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातलं हे कपबश्यांचं गाव. गावात शिरलं की घरांच्या वर भट्ट्यांच्या चिमण्या दिसू लागायच्या. सहा महिने एका कारखान्यात काम शिकायचं होतं. मला बसवलं डिकलच्या टेबलाशी, चाचीच्या शेजारी. सगळा कारखाना तिला चाचीच म्हणायचा.

डिकल म्हणजे भांड्यावर चढवायचं छापील चित्र. डिंक लावलेल्या कागदावर भट्टीत टिकणारे रंग आणि त्यावर लॅकरचा पातळ पापुद्रा. कोमट पाण्यात टाकलं की कागद आधी सुरळी होतो, मग उलगडतो. थोड्या वेळानं चित्र बोटाखाली सरकायला लागतं. ते प्लेटवर घ्यायचं आणि रबराच्या पट्टीनं खालचं पाणी काढायचं. भट्टीत आठशे अंशांच्या आसपास पोचेपर्यंत पापुद्रा जळून गेलेला असतो, ग्लेझ जरा मऊ पडतं आणि रंग त्यात बसतात.

एवढं मी वाचून गेले होते. चाचीनं शिकवलं ते हाताचं. पट्टी कायम मधून काठाकडे फिरवायची. “पानी को रास्ता दो, बिटिया,” ती म्हणायची. कपाभोवतीच्या वेलीचा जोड कुठेतरी येणारच, तो कानामागे न्यायचा.

मला तेव्हा वाचलेलं ऐकवायची खोड होती. एका दुपारी मी तिला सांगितलं, की १७५६ साली लिव्हरपूलमध्ये जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी छापील चित्रं उठवून सहा तासांत बाराशेच्या वर टाइल्स सजवल्या आणि तसं प्रतिज्ञापत्रही केलं. चाचीची पट्टी थांबली नाही. “और बिगड़ी कितनी?” तिनं विचारलं. मला उत्तर आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात गुलाबाच्या काठाच्या प्लेटांची घाई होती. त्या दिवशी छत्तीस प्लेटा माझ्या हातून गेल्या. संध्याकाळी हात भरून आले तेव्हा मी पट्टी कशीही ओढली. पाणी खाली अडकून राहिलं की भट्टीत त्याची वाफ होते आणि पापुद्रा फोडून बाहेर पडते. सकाळी भट्टी उघडली, तेव्हा बारा प्लेटांच्या पाकळ्यांवर पांढरे ठिपके होते, सुईनं टोचल्यासारखे.

मालकांनी विचारलं, कुणाच्या?

मी तोंड उघडायच्या आत चाची म्हणाली, “मेरे हाथ के हैं.” आणि मी तोंड उघडलंच नाही. तिची मजुरी नगावर होती, मला घरून पैसे येत होते. शनिवारी तिचे बारा प्लेटांचे पैसे कापले गेले, तेही मी शेजारी उभी राहून पाहिलं.

निघायच्या दिवशी मी तिच्यापुढे पाकीट धरलं. तिनं ते उघडून न पाहता माझ्या पिशवीत परत ठेवलं आणि टेबलाखालची एक प्लेट काढून दिली. त्या बारांतलीच. सेकंडच्या ढिगातून तिनं बाजूला काढून ठेवली होती.

आता पुण्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. त्या प्लेटमध्ये आम्ही कोशिंबीर वाढतो. पाहुण्यांना गुलाब दिसतात, मला सात ठिपके. हाताखाली मुलं शिकायला येतात, त्यांचीही पट्टी संध्याकाळी घसरते. दर भट्टीनंतर मी वहीत दोन रकाने भरते: किती निघाल्या, किती बिघडल्या. दुसऱ्या रकान्यापुढे कुणाचं नाव लिहायचं नाही, एवढाच नियम आहे.