बाळंतविड्यातले बूट

शनिवारी दुपारी आपल्या शाळेचा बालवर्ग रिकामा झाला की त्याच खोलीत आम्ही नऊजणी विणकामाला बसतो. कोणी माजी विद्यार्थिनी, कोणी सध्याच्या पालक, दोघी आज्या. खुर्च्या बालवर्गाच्या, म्हणजे वीतभर उंचीच्या. त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या मंडळींसाठी कार्यालयातून खुर्च्या आणाव्या लागतात. ‘तुमच्या वर्गाबद्दल चार शब्द लिहा’ असे पत्रिकेसाठी सांगण्यात आले, तेव्हा काय लिहावे यावरच एक शनिवार गेला. क्रोशाचे रुमाल, तोरणे, रुखवतातली कमळे सर्वांनी पाहिलेली आहेत. शेवटी ठरले, की आमच्या हातून होणाऱ्या सगळ्यात लहान वस्तूबद्दल लिहायचे. नवजात बाळाच्या लोकरीच्या बुटांबद्दल.

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ऐकून खरी वाटत नाही. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि धुके असले तर दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. त्यामुळे इथल्या मराठी घरांतल्या बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी, लंगोट यांच्याबरोबर लोकरीची टोपी आणि बूट असायचेच. कोकणातल्या आत्याला हे नवल वाटते. ती म्हणते, “एवढं गुंडाळून ठेवता, पोर श्वास कसा घेतं गं?”

लोकर म्हटले की इथे आणखी एक गंमत आहे. बाड्याजवळच्या दुकानात लोकर मागितली तर मुलगा आपल्याकडे बघत राहतो. तिथे ‘ऊन’ म्हणावे लागते. आणि घरी येऊन ‘ऊन आणलं’ म्हटले की सासूबाई खिडकीबाहेर बघतात! वर्गात अधूनमधून डोकावणाऱ्या आठवीच्या मुली मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकतात आणि ‘सिंगल क्रोशे’, ‘डबल क्रोशे’ बोलतात. त्यांना आम्ही सांगतो, की अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्यालाच इंग्लंडमध्ये डबल म्हणतात, त्यामुळे व्हिडिओ कुठला ते आधी बघा. आपला ‘मुका खांब’ मात्र कुठेही गेला तरी मुकाच. (या शब्दावर मुली फार हसतात. हसोत. निदान लक्षात राहतो.)

आता मूळ विषय. आमच्यातल्या थोरल्या आजींची एक पद्धत आहे. बाळ जन्मायच्या आधी त्याचे काही पूर्ण करून ठेवायचे नाही, असे त्यांच्या आईकडून आलेले. पण थंडीतले बाळंतपण असले तर ऐनवेळी विणायचे कधी? म्हणून त्यांच्या माहेरी तोड काढलेली होती: एक बूट पुरा करायचा आणि दुसरा अर्धा विणून सुईवर ठेवायचा. बाळाची खबर आली की आधी साखर वाटायची, मग दुसरा बूट पुरा करायचा. आमच्यातल्या दोघी-तिघी विज्ञान शिकवतात, त्यांना हे पटत नाही. पण आजींसमोर कोणी बोलत नाही. खरे सांगायचे तर गेल्या काही वर्षांत आम्ही सगळ्याच नकळत तसे करू लागलो आहोत. एखादीने जोड पुरा करून टाकला तर उगीच चुकल्यासारखे वाटते.

२०२३च्या दिवाळीनंतर आमच्यातल्या एका काकूंची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. तारीख फेब्रुवारीच्या अखेरची. आम्ही पिवळी लोकर घेतली, नेहमीच्या मापाचा एक बूट झाला, दुसरा सुईवर राहिला. संक्रांतीच्या चार दिवस आधी रात्री तिला दवाखान्यात न्यावे लागले आणि पहाटे मुलगी झाली. सात आठवडे आधी. वजन १ किलो ६५० ग्रॅम. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर कमी वजनाचे म्हणतात. ही तर त्याहूनही किती खाली.

त्या शनिवारी वर्गाला काकू येणार नव्हत्याच. आम्ही बाकीच्या आठजणी तिळगूळ मध्ये ठेवून नुसत्या बसलो होतो. साखर वाटायची की नाही, हे कोणी विचारेना. शेवटी थोरल्या आजींनीच पिशवीतून खडीसाखर काढून एकेकीच्या हातावर ठेवली. म्हणाल्या, “मुलगी झाली आहे. झाली ना? मग घ्या.”

दुसरा बूट त्यांनी त्याच दिवशी पुरा केला. दुसऱ्या दिवशी काकूंनी तो जोड दवाखान्यात नेला. बाळ काचेच्या आत, उबदार दिव्याखाली, आणि आत फक्त आईला प्रवेश. सिस्टरांनी बूट हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, “अम्माजी, इसमें तो इसके दोनों पैर आ जाएँगे.” काकूंनी ते वाक्य फोनवर आम्हाला सांगितले तेव्हा त्या हसत होत्या की रडत होत्या, ते आम्हाला कळले नाही.

पण त्याच सिस्टरांनी एक कामाची गोष्ट सांगितली. बाळ जरा स्थिर झाले की त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवणार. कांगारूच्या पिलासारखे. ही पद्धत १९७८ साली दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून आईचीच ऊब वापरायची. पुढे ती जगभर गेली, आणि २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असे सांगितले, की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला शक्य तर जन्मल्यापासूनच असे ठेवावे, स्थिर होण्याची वाट पाहू नये. आमच्या आज्यांच्या काळी अशी बाळे कापसात गुंडाळून ठेवत, तेव्हा आईच्या कुशीची ही किंमत त्यांना नवीन नव्हती. तरी छातीशी उघडे ठेवायचे हे त्यांना नवीनच होते.

तर या कांगारूपणात बाळाच्या अंगावर कपडे तीनच: लंगोट, टोपी आणि पायात मोजे. बाकी सगळे आईच्या अंगाला. म्हणजे अख्ख्या बाळंतविड्यातून तीन वस्तू निवडायच्या झाल्या, तर त्यात आमचे बूट बसत होते! हे ऐकल्यावर आम्ही जे उठलो ते विचारू नका.

माप हवे होते. सिस्टरांनी पाऊल मोजून सांगितले: सहा सेंटिमीटर. पुऱ्या दिवसांच्या बाळाचे पाऊल साधारण साडेसात-आठ सेंटिमीटर असते. दीड-दोन सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पट्टीवर बोट ठेवून पाहा म्हणजे कळेल. अटीही होत्या. टोचणारी लोकर नको, नाडी नको, मणी-बटण नको, आणि धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत बंद करून द्यायचे.

लोकरीबद्दल इथेच सांगून टाकतो. खरी मेंढीची लोकर ऊबदार खरी, पण नाजूक कातडीला ती टोचू शकते आणि गरम पाण्यात आटते. आम्ही बाळांसाठीची मऊ अ‍ॅक्रिलिक लोकर घेतो. लुधियानाची सहज मिळते, वरचेवर धुता येते. तिला इस्त्री मात्र दाखवायची नाही, ती वितळल्यासारखी लुळी पडते. मऊ आहे की नाही ते हाताला लावून बघू नये, आमचे हात भांडी घासून निबर झालेले. गालाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावे. एका जोडाला पंचवीस ग्रॅमची गुंडी पुरते.

विणायची रीत सोपी आहे. आधी नेहमीच्या मापाची सांगतो. तीन मिलिमीटरची सुई. तीन साखळ्यांचा गोल करून त्यात सहा मुके खांब घाला आणि दोऱ्याचे टोक ओढून मधले भोक बंद करा. हा अंगठ्याकडचा भाग. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत एक सोडून एका खांबात दोन, म्हणजे अठरा. चौथ्या फेरीत दोन सोडून तिसऱ्यात दोन, म्हणजे चोवीस. इथे वाटी तयार होते. पुढे आठ फेऱ्या चोवीसच ठेवा, वाढ नाही, घट नाही. गोलात फेरी कुठे सुरू झाली ते कळत नाही, म्हणून पहिल्या खांबात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा. मग गोल विणणे थांबवून सोळाच खांबांवर पुढे-मागे ओळी घ्यायच्या, आठ खांब मोकळे सोडायचे. ते मोकळे आठ म्हणजे पाय आत जायची जागा. अशा दहा ओळी झाल्या की शेवटची ओळ मधोमध दुमडून मागून शिवून टाका. टाच झाली. आता तोंडाभोवती मुके खांब घ्या: मोकळे आठ, आणि ओळींच्या कडांवर दोन्ही बाजूंना दहा-दहा, एकूण अठ्ठावीस. पुढच्या फेरीत समोरच्या बाजूला चार ठिकाणी दोनाचा एक खांब करा, म्हणजे चोवीस उरतील आणि घोट्यापाशी आपोआप आवळले जाईल. वर पाच-सहा फेऱ्या घेऊन दोरा तोडा. पुऱ्या बुटाची लांबी पावणेनऊ सेंटिमीटरच्या आसपास येते. तुमचा हात घट्ट असेल तर थोडी कमी भरेल. एक सुई मोठी घ्या, फेऱ्या वाढवत बसू नका.

लहान मापासाठी अडीचची सुई. वाढ अठरा खांबांवर थांबवायची, सात फेऱ्या साध्या, मग सहा खांब मोकळे सोडून बारांवर आठ ओळी. बाकी सगळे तसेच. सवा सहा सेंटिमीटरचा बूट होतो. हातात घेतला की खरा वाटत नाही, बाहुलीचा वाटतो. आमच्यातल्या एकीने तो अंगठ्यावर चढवून पाहिला आणि लगेच काढून ठेवला.

एका गोष्टीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे, आणि नेमकी तीच बाहेरून दिसत नाही. बूट उलटा करून आतून पाहायचा. लोंबते टोक, सैल फास, नक्षीसाठी बदललेल्या रंगाचा मागून गेलेला दोरा, काहीही आत असता कामा नये. असा एखादा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजते, रक्त अडते. बाळ रडते आणि मोज्याच्या आत काय झाले ते कोणाला कळत नाही. म्हणून आम्ही दोन रंग वापरतच नाही, आणि टोके सुईने तीन-चार खांबांतून फिरवून बाहेरच्या अंगाला काढतो. दिसायला थोडे कमी सुबक, चालेल. नाडीलाही आमचा विरोधच. दुकानातल्या बुटांना जे सॅटिनचे लांब बंद असतात ते फोटोपुरते ठीक आहेत.

बूट घातले म्हणून पाय तपासायचे नाहीत असेही नाही. पोट गरम आणि पाय गार लागले तर बाळाला थंडी वाजते आहे. पोटही गार लागले तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठायचा. हे आम्हाला सिस्टरांनीच शिकवले. बूट चटकन काढता-घालता यावा, हेही त्यासाठीच.

तीन जोड रविवारी रात्रीपर्यंत झाले, धुऊन, हीटरपुढे वाळवून सोमवारी, नेमक्या संक्रांतीच्या दिवशी, दवाखान्यात गेले. सिस्टरांनी ते घेतले. संध्याकाळी काकूंच्या लेकीने निरोप पाठवला, की एकच बूट घातला आहे. दुसऱ्या पावलाला रक्तातला प्राणवायू मोजणारी तार बांधलेली आहे, त्यामुळे तो पाय उघडाच. तार रोज पाय बदलते, म्हणून बूटही बदलतो. थोरल्या आजींना हे फोनवर सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे दुसरा अजून सुईवरच आहे म्हणा.”

दोन्ही पायांत बूट सोळाव्या दिवशी आले. बाळ घरी गेले सव्विसाव्या दिवशी, १ किलो ९०० ग्रॅमचे होऊन. पाचवी-सहावी दवाखान्यातच गेली. बारसे मार्चमध्ये झाले, तेव्हा तो पहिला पिवळा जोड तिला जेमतेम बसला. पुढच्या संक्रांतीला, २०२५मध्ये, तिचे बोरन्हाण आपल्याच शाळेच्या अंगणात झाले. हलव्याचे दागिने तिने तोंडात घातले आणि बोरे सगळी बालवर्गाने पळवली.

तेव्हापासून आमच्या वर्गात लहान मापाचे बूट आणि टोप्या सतत चालू असतात. त्या कक्षातल्या सिस्टरांना विचारून, त्या म्हणतील त्या महिन्यात, म्हणतील तेवढेच देतो. उन्हाळ्यात कमी लागतात, कार्तिकापासून मागणी वाढते. हे जोड मात्र पूर्णच करून द्यावे लागतात, कारण कुठल्या बाळाचे ते आधी माहीत नसते. यावर थोरल्या आजींचे म्हणणे असे, की ज्याचे नाव-गाव माहीत नाही त्याला नजरही लागत नाही. विज्ञानवाल्या दोघींनी यावरही काही म्हटलेले नाही.

सध्या अडीचच्या सुया आमच्याकडे चारच आहेत आणि त्यातली एक वाकडी आहे. ज्यांच्या घरी आईची, आजीची जुनी स्टीलची सुई पडून असेल त्यांनी ती जरूर पाठवावी. मापाचा आकडा पुसला गेला असला तरी चालेल, आम्ही मोजून घेऊ. उरलेली लोकर पाठवायची असेल तर फक्त मऊ, आणि गुंता सोडवलेली.