मुंजाचे खाते

आश्विन सरत आला, दिवाळीची सुट्टी लागली आणि आमच्या हिंगोलीत वीज गेली, की धाकटीचे फर्मान सुटते, "बाबा, भुताची गोष्ट!" लहानपणी पांघरुणात नारायण धारप वाचून मी रात्री एकट्याने मोरीपर्यंत जाणे सोडले होते. तेवढ्याच भांडवलावर सांगायला बसतो.

आमच्या भुतांचा कारभार थेट बँकेसारखा. वेताळ म्हणजे मॅनेजर. अवसेला त्याची पालखी निघते, मागे सगळा स्टाफ. पुरलेल्या धनावर पहारा देणारा समंध म्हणजे कॅशियर. आणि वाटसराला रात्रभर त्याच जागी फिरवणारा चकवा म्हणजे, "त्या खिडकीवर विचारा" म्हणणारा अस्मादिक!

परवा मुंजा काढला. मुंज झालेला, पण सोडमुंज व्हायच्या आतच गेलेला मुलगा, मुक्काम पिंपळावर. आवाज घोगरा केला, बॅटरी हनुवटीखाली धरली, आणि पोरगी आता किंचाळेल म्हणून थांबलो.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्याएवढाच? मग त्याची आई कुठंय?"

माझी वाचाच बसली. जन्मभर त्या पोराला घाबरत आलो. पण ते एकटे आहे, ही नोंद आमच्या खातेवहीत कधी पडलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती दोन चकल्या घेऊन कोपऱ्यावरच्या पिंपळाकडे निघाली. मीही गेलो. अंधार बराच होता. हात कोणी कोणाचा धरला होता, ते मात्र विचारू नका!